काळा दगड, गंजलेलं लोखंड: नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या औद्योगिक बांधकामांचे फोटो काढताना

नाशिकचा जुना दगडी बंधारा कॅमेऱ्यात हमखास राखाडी येतो. डोळ्यांना काळाभोर दिसणारा बेसाल्ट फोटोत सिमेंटसारखा फिका पडतो आणि पाठीमागचं आकाश पांढरंफटक होतं. दोष कॅमेऱ्याचा नसतो. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो प्रकाश मोजतो, काळ्या दगडालाही ओढून करडा करतो. गंजलेल्या लोखंडाचं वेगळंच. त्याचा रंग छान येतो, पण रिव्हेट, सांधे, पट्ट्यांची जाडी हे सगळं त्या तांबड्या रंगात बुडून जातं. आपल्याकडच्या जुन्या कामांमध्ये मुख्यतः हे दोनच पदार्थ आहेत. ते दोन जमले की बाकीचं सोपं आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फोटो देखणा हवा की वाचता येण्याजोगा? दोन्ही जमलं तर उत्तमच, पण क्रम ठरलेला असावा: आधी नोंद, मग देखणेपण. कमानी किती, गर्डर रिव्हेटचा की वेल्डिंगचा, दरवाजा हाताने फिरवायचा की मोटरवर, हे फोटोवरून तीस वर्षांनीही कळलं पाहिजे. नाशिकमध्ये १९ व्या शतकाच्या अखेरीपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम धावायची. आज त्या रस्त्यांवर तिचे रूळ दिसत नाहीत. आता जे काही कळतं ते जुन्या कागदांतून आणि फोटोंतून.

कुठे जायचं, कुठे कॅमेरा काढायचाच नाही

जिल्ह्यात पाण्याची कामं सर्वांत भक्कम उरली आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा दगडी बंधारा १९०७ ते १९१३ या काळातला. त्याला पाणी पुरवणारं इगतपुरी तालुक्यातलं दारणा धरण १९१६ चं आहे. गिरणेवरचं, कळवण तालुक्यातलं चणकापूर धरण १९११ चं. त्याहून जुना आहे तो रेल्वेचा थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने तो १८६५ मध्ये सुरू केला. मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये सुरू केलेला रावळगावचा साखर कारखाना आहे, आणि खुद्द मालेगावात यंत्रमागांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. शहरात रविवार कारंजा आणि पंचवटी जोडणारा अहिल्यादेवी होळकर पूल आहे. जुनी माणसं त्याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात.

आता दुसरी यादी. नाशिक रोडची नोटा आणि मुद्रांक छापणारी प्रेस १९२० च्या दशकातली आहे, एकलहऱ्याचं वीज केंद्र आणि ओझरचा विमान कारखानाही अभ्यासण्यासारखा आहे. तरी तिथे, आणि देवळालीच्या लष्करी हद्दीत, कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नका. 'बाहेरच्या रस्त्यावरून काढतोय' हे म्हणणं तिथे चालत नाही.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रुळांच्या कडेने चालत जाऊन काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी हा मार्ग सुचवण्यासारखा नाही. परवानगी मागायची तर कार्यालय नीट निवडा. नाशिक रोड आणि मनमाड भुसावळ विभागात येतात, तर मुंबईकडून इगतपुरीपर्यंतचा मार्ग मुंबई विभागात. घाटासाठी भुसावळला लिहिलेलं पत्र फिरत राहतं, एवढंच.

धरण-बंधाऱ्यांसाठी जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्यांना लिहा, पण प्रत्यक्ष जागेवर ज्यांच्याशी गाठ पडते त्या शाखा अभियंत्यांनाही प्रत द्या. सहकारी कारखाना असेल तर पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे. पत्र एका पानाचं असावं: कोण येणार, किती जण, कोणती तारीख आणि वेळ, नेमक्या कोणत्या भागाचे फोटो, ट्रायपॉड असेल का, फोटोंचा उपयोग काय, आणि प्रत तुम्हाला देऊ. हे शेवटचं वाक्य विसरू नका. बऱ्याच कार्यालयांकडे स्वतःच्या इमारतीचे धड फोटो नसतात, आणि त्या एका वाक्यावर परवानगी मिळून जाते.

ड्रोनचा मोह शक्यतो टाळा. नाशिकच्या आसपास ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना आणि गांधीनगरचं लष्करी हेलिकॉप्टर केंद्र आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते पाहिल्याशिवाय पंखासुद्धा फिरवू नका. नांदूर मधमेश्वर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोनचं नावही काढू नये.

ऊन कोणत्या भिंतीवर, कधी

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४६ अंश उंचीवर असतो. २१ जूनच्या दुपारी तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की दक्षिणमुखी भिंतीला नोव्हेंबर ते जानेवारी जवळपास दिवसभर चांगलं, तिरपं ऊन मिळतं. उत्तरमुखी भिंत मात्र थंडीत कायम सावलीत असते. तिला ऊन हवं असेल तर एप्रिलमध्ये सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. मे महिन्यात हीच वेळ सकाळी दहापर्यंत लांबते. जूनमध्ये ऊन आणखी उत्तरेकडून येतं खरं, पण तोवर ढग आलेले असतात.

बंधाऱ्यांसाठी एक सोपा आडाखा आहे. आपल्याकडच्या नद्या बहुतेक पूर्वेकडे वाहतात, म्हणजे आडव्या भिंतीचा खालच्या अंगाचा चेहरा पूर्वेकडे असतो आणि तो सकाळी उजळतो. दहानंतर पोचलात तर दगड सपाट दिसतो आणि दुपारनंतर तोच चेहरा काळोखात जातो. नाशिक शहरात मात्र हा आडाखा चालत नाही, रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेला वळलेली आहे. होळकर पुलावर जाण्याआधी फोनमधलं होकायंत्र लावून कोणती बाजू कुठे पाहते ते लिहून घ्या.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पण निफाडच्या पट्ट्यात थंडीत सकाळी नदीवर धुकं असतं, कधीकधी बराच वेळ हटत नाही. धुक्यातला बंधारा देखणा दिसतो, नोंदीसाठी तो फोटो फुकट. दोन्ही काढा, पण ऊन पडेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. गाडीत एसी लावून आलात तर कॅमेरा पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि पुसत बसलं की अजून धरतं.

पावसाळा संपल्या संपल्या जाऊ नका. दगडाच्या सांध्यांत पिंपळ-वडाची रोपं, पायथ्याशी कमरेएवढं गवत, चेहरा निम्मा झाकलेला. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून बसतं आणि पाया दिसू लागतो. सांध्यात शिरलेल्या मुळांचे जवळून फोटो मात्र मुद्दाम काढा. दगड नेमका कुठे सुटतोय हे तीच मुळं सांगतात.

काळ्या दगडाचं एक्स्पोजर

चौकट सगळी दगडाने भरलेली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने मोजलेला प्रकाश कमी-जास्त करायची सोय) उणे दोन तृतीयांश ते उणे एक स्टॉप ठेवा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. बेसाल्ट बेसाल्टसारखा येतो. चौकटीत अर्धं आकाश असेल तर नेमकं उलटं घडतं: कॅमेरा आकाशाला घाबरून दगड कोळसा करतो. तिथे हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत आकाश फाटणार नाही, म्हणजे पूर्ण पांढरं पडणार नाही, इथपर्यंत प्रकाश वाढवा, फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा आणि सावल्या नंतर उचला. जेपेगमध्ये उचललेल्या सावल्या डागाळतात. फरक फारच मोठा असेल तर ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या. ते जोडताना हात आखडता ठेवा. अशा जोडलेल्या, म्हणजे एचडीआरच्या, बटबटीत फोटोवरून दगडाला ओल आली आहे की चुन्याची पांढरी साय, हे सांगता येत नाही.

ओला दगड अधिक काळा होतो आणि त्यावर आकाशाची चमक बसते. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिल्टर, फिरवला की ती चमक जाते आणि सांधे उघडे पडतात. त्याची किंमत साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाशाची. लोखंडावर मात्र त्याचा भरवसा धरू नका, उघड्या धातूची चमक पोलरायझरने जात नाही. रंगवलेल्या किंवा ओल्या पृष्ठभागाची जाते.

दगडाचं काम दिसायचं तर ऊन भिंतीला जवळजवळ घासून जायला हवं. टाकीचे घाव, घडीव दगड आणि ओबडधोबड दगड यांतला फरक, चुन्याने भरलेल्या सांध्यांची रुंदी हे सगळं तिरप्या उजेडात उठून येतं. समोरून पडलेल्या उन्हात सगळी भिंत एकसारखी दिसते. ढगाळ दिवस रंग आणि पाट्यांवरची अक्षरं टिपायला चांगला, घडाई टिपायला वाईट.

उभ्या रेषा उभ्याच ठेवा

चिमणी किंवा पाण्याची टाकी मागे कलंडलेली दिसते, कारण कॅमेरा वर तोंड करून धरलेला असतो. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवला की रेषा सरळ राहतात, पण मग चिमणीचं टोक कापलं जातं. उपाय म्हणजे मागे जाणं, आणि किती मागे जायचं याचा हिशेब आहे. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून २४ मिमी लेन्स लावली तर कॅमेऱ्याच्या वर अंतराच्या पाऊणपट उंची मावते. म्हणजे ३० मीटरच्या चिमणीसाठी साधारण ३८ मीटर मागे जावं लागेल. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी अंतर उंचीच्या दीडपट धरा. खालचा अर्धा भाग नुसत्या जमिनीने भरेल, तो नंतर कापून टाका.

मागे जागाच नसेल, जशी ती मालेगावच्या गल्लीत नसते, तर समोरच्या घराच्या गच्चीवर जायची परवानगी मागा. इमारतीच्या अर्ध्या उंचीवरून काढलेला फोटो सर्वांत सरळ येतो. तेही शक्य नसेल तर कॅमेरा वर करून काढा, पण चारही बाजूंनी १५ ते २० टक्के जागा मोकळी सोडा. संगणकावर रेषा सरळ करताना कडा खाल्ल्या जातात. फोनची अतिरुंद लेन्स टाळाच, कडेच्या खिडक्या ताणल्या जातात आणि इमारतीचं प्रमाण बिघडतं.

बाकीची मांडणी थोडक्यात: एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद. एफ/१६ च्या पुढे गेलात तर खोली थोडी वाढते, पण सगळाच फोटो मऊ पडतो.

लोखंड वाचायचं कसं

रिव्हेटचं डोकं गोल, घुमटासारखं असतं. नट-बोल्ट षटकोनी, आणि वेल्डिंगला डोकंच नसतं. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बदललेला हे यावरून कळतं, म्हणून प्रत्येक मुख्य सांध्याचा एक जवळचा फोटो हवाच. उजेड बाजूने नसेल तर एका हातात टॉर्च घेऊन पृष्ठभागाला टेकवल्यासारखा आडवा धरा. समोरून फ्लॅश मारला की रिव्हेट सपाट होतात.

गर्डरच्या पोटावर लोखंड बनवणाऱ्याचं नाव अनेकदा उठावात असतं, पण रंगाच्या थरांखाली गेलेलं. इथेही आडवी टॉर्च. रुळांच्या मधल्या उभ्या भागावर कंपनीचं नाव, साल आणि वजनाचं माप असतं. त्यासाठी रुळांवर जायची गरज नाही. जुने रूळ कापून कुंपणाचे खांब, फाटकाचे आडवे, शेडचे टेकू म्हणून ठिकठिकाणी वापरलेले असतात. स्टेशनाबाहेरचं कुंपण नीट पाहिलं तर कधीकधी स्टेशनापेक्षा जुनी तारीख सापडते. अक्षरांवर खडू घासू नका, ब्रशने धूळ काढा आणि थांबा. गंज खरवडून काढणं म्हणजे नोंदीच्या नावाखाली मोडतोड.

प्रत्येक बारीक तपशिलाचे दोन फोटो: एक मापासकट, एक मापाशिवाय. मापासाठी एक इंची पीव्हीसी पाइपचा २ मीटरचा तुकडा घ्या आणि दर २० सेंटिमीटरला आलटून पालटून लाल-पांढरी टेप गुंडाळा. तो भिंतीला टेकवून, उभा, चौकटीच्या कडेला ठेवा. मधोमध ठेवलेली काठी नेमकं हवं तेच झाकते.

पाणी

सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा दुधाळ फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावून पाव सेकंद ते दोन सेकंद ठेवतात, आणि मग पाण्यामागचा दगडाचा चेहरा पूर्ण पुसला जातो. नोंदीसाठी १/२५० ते १/५०० वर काढा. पाण्याची जाडी दिसते, ते कुठे तुटतं ते दिसतं, मागचे थर दिसतात. तोच बंधारा कोरडा असतानाही काढा. नांदूर मधमेश्वरला कालव्यांचं आवर्तन केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे शाखा कार्यालयात विचारलं तर सांगतात. दरवाजे चालू असतानाची आणि बंद असतानाची अशी जोडी मिळाली तर बंधारा चालतो कसा ते वेगळं लिहावं लागत नाही.

पावसाळ्यात नदीपात्रात ट्रायपॉड लावू नका. गंगापूर किंवा दारणा धरणातून विसर्ग वाढला की पात्रातलं पाणी बघता बघता चढतं, आणि वर पाऊस पडत असताना खाली लख्ख ऊन असू शकतं.

दुसरा धोका डोक्यावर. जुने पूल, उंच टाक्या आणि धरणांच्या भिंती ही आग्या मोहोळाची आवडती जागा. कमानीखाली जाण्याआधी दुर्बिणीतून किंवा लांब लेन्समधून छत पाहून घ्या. काळा, लोंबणारा पोळ्याचा पट्टा दिसला तर ती कमान सोडून द्या. उग्र अत्तर, धूर आणि ड्रोन, तिन्ही वर्ज्य.

कसारा घाट

या घाटाला ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे, म्हणून कसाऱ्याहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. रस्त्यावरून काढताना हाच चढ दाखवणं कठीण असतं, कारण डोंगरात आडवी रेषाच सापडत नाही. पुलाचे खांब चौकटीत घ्या. खांब उभे आले की रुळांचा कल आपोआप दिसतो. ७०–२०० मिमी लेन्स पुरते. अंतर जास्त असल्याने उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर तापलेली हवा थरथरते आणि कितीही चांगली लेन्स असली तरी कडा लाटांसारख्या येतात. पावसाळ्यात ढग दरीत उतरतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, सकाळी लवकर, ही खात्रीची वेळ. महामार्गाच्या वळणावर गाडी उभी करू नका, थांबायच्या जागी थांबून चालत या.

शेडच्या आत

बंद कारखान्यात एकटं जाऊ नये. गंजलेल्या जाळीच्या फरशीवर पाय ठेवण्याआधी खालून आधार पाहावा. मळी सांडून वाळलेली जमीन ओल धरली की तेलासारखी निसरडी होते. पत्रे सिमेंटचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि कबुतरांची विष्ठा असतेच. एन-९५ मास्क लावा, पत्र्यांना हात लावू नका.

छतात हिरवट फायबरचे पारदर्शक पत्रे बसवलेले असतात, त्यामुळे सगळी यंत्रं हिरवी येतात. करडं कार्ड धरून एक फोटो घ्या आणि पांढरा रंग त्यावरून बसवा. आत दोन प्रकारचा उजेड असेल, दारातून ऊन आणि आत ट्यूब, तर ट्यूब बंद करायची विनंती करा.

चालू यंत्रमागांचं गणित निराळं आहे. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. धोटा धावताना दाखवायचा तर १/१५ पर्यंत खाली या, पण कॅमेरा हातात धरून किंवा भिंतीला टेकून. मागांनी जमीनच हलत असते, ट्रायपॉड ती थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. इमारतीचे, छताचे, खांबांचे शांत फोटो हवे असतील तर शुक्रवारी जा, मालेगावात त्या दिवशी माग बंद असतात. चालू दिवशी लेन्स बदलायची असेल तर बाहेर येऊन बदला. हवेतली कापसाची तूस सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके दिसतात. कामगारांचे चेहरे येणार असतील तर आधी विचारा, मालकाची परवानगी म्हणजे त्यांची परवानगी नव्हे.

क्रम आणि वही

जागेवर पोचल्यावर याच क्रमाने जा: लांबून परिसरासकट एक, मग चारही बाजू समोरून सरळ, मग दोन विरुद्ध कोपरे, मग आतला भाग, शेवटी सांधे, पाट्या, मोडतोड. वेळ कमी पडला तर शेवटचं राहतं, चार बाजू राहत नाहीत. उत्साहात लोक उलटं करतात, गंजलेल्या चाकाचे चाळीस फोटो आणि मागची भिंत एकदाही नाही. त्रिमितीय मॉडेल करायचं मनात असेल तर शेजारशेजारच्या फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवा आणि मधेच झूम बदलू नका.

वहीत प्रत्येक फोटोपुढे क्रमांक, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, आणि काय दाखवायचंय एवढं लिहा. फोनचं जीपीएस जागा सांगतं, दिशा कधीकधी चुकवते, विशेषतः लोखंडाजवळ. होकायंत्र गर्डरपासून दहा पावलं लांब जाऊन पाहा. फाइलचं नाव साल-महिना-दिवस, ठिकाण, बाजू, क्रमांक असं ठेवा: '२०२५-०१-१२_दारणा_पूर्व_०३'. घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, तिसरी प्रत घराबाहेर ठेवा, आणि कार्यालयाला कबूल केलेली प्रत आठवड्याच्या आत पोचवा. पुढच्या वेळी फाटक तीच माणसं उघडणार असतात.